भांडावे कसे आणि मिटवावे कसे



आमचा विषय जाहीर झाला तेव्हा आमच्याच काही मित्रांना हसू आले. ज्यांनी आयुष्य कारखान्याच्या दारात घोषणा देण्यात घालवले, ते भांडण मिटवण्यावर काय बोलणार, असा त्यांचा सवाल होता. सवाल रास्त आहे, पण त्याच्या मुळाशी एक गैरसमज आहे. युनियनच्या माणसाचे काम म्हणजे संप करणे, असे बाहेरच्या जगाला वाटते. कारण वर्तमानपत्रात संप तेवढा छापून येतो. वस्तुतः तीस वर्षे काम केलेल्या कार्यकर्त्याच्या वाट्याला संप येतात ते बोटांवर मोजण्याइतके. बाकीचे दिवस टेबलाच्या अलीकडे बसून एकेका शब्दावर घासाघीस करण्यात जातात, आणि त्याहून जास्त वेळ जातो तो आपल्याच माणसांची आपापसांतली भांडणे सोडवण्यात. मालकाशी भांडणे त्या मानाने सोपे. तेथे निदान समोरचा कोण हे ठाऊक असते.

हे काम शिकावे लागते. ते रक्तात असते, अमक्याची जीभच गोड आहे, तमक्याच्या स्वभावातच समजूत आहे, असे लोक म्हणतात, ते आम्हाला पटत नाही. आम्ही शाळेत फार टिकलो नाही. पण जे टिकले त्यांनाही हा विषय तेथे कोणी शिकवलेला दिसत नाही. गणिताला तास असतो, भूगोलाला असतो. शेजाऱ्याच्या न्हाणीघराचे पाणी आपल्या स्वयंपाकघरात टपकू लागले तर पहिले वाक्य कोणते बोलावे, याला मात्र तास नाही.

आपल्या भाषेकडे जरा पाहा. भांडणासाठी मराठीत किती शब्द आहेत! धुसफूस, कुरबुर, खटका, कटकट, वाद, बाचाबाची, भांडण, तंटा, बखेडा, आणि शेवटी कज्जा. हे एकाच गोष्टीला मिळालेले दहा शब्द नव्हेत. या पायऱ्या आहेत. धुसफूस मनातल्या मनात असते. कुरबुर तिसऱ्याच्या कानाशी होते. खटका उडतो तेव्हा दोघे प्रथम समोरासमोर येतात. बाचाबाचीला प्रेक्षक जमतात. तंट्यात दोन बाजूंना दोन तट पडतात आणि कज्जा तर कचेरीतच जातो. आमचा अनुभव असा की पहिल्या दोन पायऱ्यांवर जे काम पाच मिनिटांत होते, ते शेवटच्या पायरीवर पाच वर्षांत होत नाही. पण पहिल्या पायरीवर बोलायला आपल्याला संकोच वाटतो. एवढ्याशा गोष्टीसाठी कशाला तोंड उघडायचे, असे म्हणून आपण गप्प बसतो, आणि त्या गप्प बसण्याला सहनशीलता असे थोर नाव देतो. आत मात्र हिशेब चालू असतो. मग एके दिवशी चहाच्या कपावरून जे भांडण पेटते ते कपाचे नसतेच. मागच्या दोन वर्षांची थकबाकी त्या दिवशी वसूल होत असते.

तेव्हा भांडूच नका, असा उपदेश करायला आम्ही आलेलो नाही. भांडण हे पुष्कळदा न्यायाची पहिली हाक असते. नारायण मेघाजी लोखंडे आणि त्यांच्या गिरणी कामगारांनी तक्रार केली नसती, तर मुंबईच्या गिरण्यांत १८९० साली रविवारची सुट्टी मिळाली नसती. प्रश्न आहे तो भांडण कोठवर न्यायचे, कोणत्या शब्दांनी न्यायचे, आणि परतीची वाट कशी मोकळी ठेवायची, याचा.

या बाबतीत आपले पूर्वज अगदीच अडाणी नव्हते. मराठेशाहीतले न्यायाचे जुने कागद ज्यांनी पाहिले आहेत त्यांना ठाऊक असेल, की गोतसभेपुढे वाद गेला तर निवाडा सुरू होण्यापूर्वी दोन्ही पक्षांकडून राजीनामा लिहून घेत. राजीनामा म्हणजे आज आपण नोकरी सोडताना देतो तो नव्हे. आम्ही राजी आहोत, ही सभा जे ठरवील ते मान्य करू, असा तो लेख. नंतर साक्षीपुरावे होत, निवाडा होई आणि हरलेल्या पक्षाकडून यजितखत घेत. म्हणजे माझे म्हणणे टिकले नाही हे त्याने स्वतः लिहून द्यायचे. त्या पद्धतीत दोष पुष्कळ होते. गोतसभेत कोणाला बसायला मिळे आणि कोणाला पायरीखाली उभे राहावे लागे, हे येथे सांगायला नको. पण त्यातली एक गोष्ट आम्ही आजही वापरतो. भांडण कशावर आहे हे ठरवण्याआधी ते कोणत्या रीतीने सोडवायचे, हे दोघांकडून कबूल करून घेतो. कोण आधी बोलणार, मध्ये कोणी तोंड घालायचे नाही, किती वाजता उठायचे. एवढ्या साध्या गोष्टींवर दोघांचे एकमत झाले की पुढचे निम्मे काम झाले, कारण दोघांनी मिळून एक तरी गोष्ट ठरवलेली असते.

आता ऐकण्याविषयी. ऐकणे म्हणजे आपली पाळी येईपर्यंत गप्प राहणे, अशी सर्वसाधारण समजूत आहे. कार्ल रॉजर्स नावाचे एक अमेरिकन मानसशास्त्रज्ञ होते. त्यांनी १९५१ साली एका भाषणात एक साधा प्रयोग सुचवला. वाद रंगात आला की क्षणभर थांबायचे आणि एक नियम करायचा: समोरच्याने नुकतेच जे सांगितले ते आपल्या शब्दांत पुन्हा मांडायचे, आणि ‘होय, मला हेच म्हणायचे होते’ असे तो म्हणाला, तरच आपले म्हणणे सुरू करायचे. ऐकायला पोरखेळ वाटतो. आम्ही हा प्रयोग आमच्या अभ्यासवर्गांत वर्षानुवर्षे करत आलो आहोत. पहिल्या फेरीत दहांतल्या आठांना जमत नाही. दुसऱ्याचे म्हणणे सांगताना त्यांच्या तोंडून निघते ते त्यांना हवे तसे वाकवलेले. ‘हा म्हणतो की मी कामचोर आहे.’ बिचारा एवढेच म्हणालेला असतो, की परवा तुम्ही उशिरा आलात. पण तिसऱ्या-चौथ्या फेरीला माणसे सुधारतात, आणि मग एक चमत्कारिक गोष्ट दिसते. ज्याचे म्हणणे बरोबर सांगितले जाते, त्याचा आवाज आपोआप खाली येतो. त्याची मागणी मान्य झालेली नसते. ती पोचली आहे एवढेच त्याला कळलेले असते.

आपल्याच बाजूच्या कामगाराला खुर्चीत मॅनेजर म्हणून बसवायचे आणि मागणीपत्रावर त्याला ‘नाही’ म्हणायला लावायचे, हा दुसरा धडा. आमचे कडवे कार्यकर्ते त्या खुर्चीत बसले की इतके मन लावून नाही म्हणतात, की खरा मॅनेजर लाजावा. घरीही हे करून पाहण्यासारखे आहे. सासूबाईंनी सुनेची आणि सूनबाईंनी सासूची बाजू दहा मिनिटे मांडावी. मात्र पाहुण्यांसमोर करू नये.

ऐकून घेतल्यावर खरे काम सुरू होते. माणूस जे मागतो ते आणि त्याला जे हवे असते ते, या दोन गोष्टी निराळ्या असू शकतात. ताकाला जाऊन भांडे लपवण्याची आपली जुनी खोड आहे. मेरी पार्कर फॉलेट या अमेरिकन विदुषीने १९२५ च्या सुमारास कारखानदारांपुढे भाषणे देताना एक उदाहरण सांगितले होते. हार्वर्डच्या ग्रंथालयात एका लहान खोलीत दोन माणसे वाचत बसली होती. एकाला खिडकी उघडी हवी होती, दुसरी व्यक्ती म्हणजे खुद्द फॉलेटबाई, त्यांना ती बंद हवी होती. तडजोड करायची तर खिडकी अर्धी उघडायची. म्हणजे एकाला वारा अपुरा आणि दुसऱ्याला जास्त. त्यांनी तसे केले नाही. शेजारच्या मोकळ्या खोलीतली खिडकी उघडली. पहिल्याला खिडकी नकोच होती, हवा हवी होती. फॉलेटबाईंनाही खिडकी बंद व्हायला नको होती. अंगावर थेट येणारा वारा तेवढा नको होता.

आमच्या लोकांना हे उदाहरण जरा परदेशी वाटते, म्हणून आम्ही त्यांना एका कारखान्यातली गोष्ट सांगतो. लेथच्या खात्यात पहिली आणि दुसरी पाळी यांच्यात वैर पडले होते. पहिली पाळी साडेतीनला सुटे आणि मशीन लोखंडाच्या किसाने भरलेले तसेच टाकून जाई. दुसऱ्या पाळीची पंधरा मिनिटे साफसफाईत जात, तेवढे त्यांचे उत्पादन बुडे आणि त्यावरचा जादा पैसाही बुडे. आधी टोमणे झाले, मग कोणीतरी कोणाच्या डब्यात कीस टाकला, मग गचांडी धरली गेली. खातेप्रमुखाच्या मते दोन्हीकडच्या दोन-दोन माणसांना मेमो दिले की प्रश्न संपणार होता. दोन्ही बाजूंची चार-चार माणसे एका दुपारी एकत्र बसली. दुसऱ्या पाळीची मागणी होती, ‘मशीन साफ करून द्या.’ पहिल्या पाळीचे उत्तर होते, ‘आम्ही काय तुमचे नोकर आहोत?’ येथेच बसलो असतो तर संध्याकाळ झाली असती. मग एकेकाला विचारले, की साडेतीनला नेमके काय होते ते क्रमाने सांगा. तेव्हा बाहेर आले ते असे. कंपनीची बस तीन चाळीसला फाटकातून निघे. ती चुकली तर गावाकडे जाणाऱ्यांना तासाभराने एसटी. आणि उत्पादनाची नोंद मात्र बरोबर साडेतीनपर्यंत चाले. म्हणजे साडेतीनला शेवटचा जॉब उतरवायचा, आणि दहा मिनिटांत हात धुऊन, कपडे बदलून बस गाठायची. त्यांना मशीन घाण ठेवण्याची हौस नव्हती. भांडण किसाचे नव्हते, नोंदीच्या वेळेचे होते. ती वेळ दहा मिनिटे अलीकडे आणावी, त्या प्रमाणात पहिल्या पाळीचा कोटा कमी धरावा आणि त्या दहा मिनिटांत त्यांनीच मशीन पुसावे, असे ठरले. व्यवस्थापनाने कुरकुर केली. पण इकडे दहा मिनिटांचे काम घटून तिकडे पंधरा मिनिटांचे वाढते, हे गणित त्यांनाही समजले.

या गोष्टीत एक युक्ती दडलेली आहे, ती वेगळी सांगतो. ‘तुम्ही असे का करता?’ हा प्रश्न विचारू नये. मराठीत ‘का’ला आरोपाचा वास येतो. ‘काय होते ते क्रमाने सांगा’ म्हटले की माणूस बचाव सोडून हकीकत सांगू लागतो.

शब्दांचे असे आहे. मघाशी ज्या टपकणाऱ्या पाण्याचा उल्लेख केला, ते प्रकरण आज गावोगावच्या सोसायट्यांत चालू आहे. खालच्या बिऱ्हाडकराने वरच्याचे दार वाजवून ‘काका, तुमचे नेहमीचेच आहे, तुम्हाला दुसऱ्याची पर्वाच नाही’ असे म्हटले, की वरचे काका पाण्याविषयी एक अक्षर बोलणार नाहीत. ते आपल्या सज्जनपणाचे पुरावे देऊ लागतील, आणि मग तुमच्या मुलाच्या मोटारसायकलीचा विषय निघेल. ‘काका, सोमवारपासून आमच्या ओट्याच्या वर ओल आली आहे, एकदा खाली येऊन पाहता का?’ असे म्हटले तर ते येतील. दहांतले सात येतील. जे येणार नाहीत त्यांच्यासाठी पुढचे उपाय आहेतच. दोघांनी मिळून ओल पाहणे, मग दोघांच्या पसंतीचा एकच प्लंबर बोलावणे, आणि तो जे सांगेल ते मान्य, असे त्याच्या येण्याआधी ठरवणे. पाहा, हा राजीनामाच झाला. ‘नेहमी’ आणि ‘कधीच’ हे दोन शब्द भांडणात तोंडातून जाऊ देऊ नयेत. ते खरेही नसतात, आणि समोरच्याला खोटे ठरवण्याची आयती सोय करून देतात.

आता ज्या गोष्टीकडे शिकलेले लोक सर्वांत कमी लक्ष देतात, तिच्याकडे वळतो. ती म्हणजे इभ्रत. पुष्कळ भांडणांत दोन्ही बाजूंना मिटवायचे असते, पण दोघांनीही चारचौघांत काही बोलून ठेवलेले असते. मागे फिरावे तर नाक कापले जाते. याची सर्वांत सुंदर सोडवणूक १९१८ साली अहमदाबादेत झाली, आणि कामगारांच्या इतिहासात आमच्या दृष्टीने तिला तोड नाही.

१९१७ मध्ये अहमदाबादेत प्लेगची साथ होती. मजूर शहर सोडून पळू नयेत म्हणून गिरणीमालकांनी पगारावर मोठा प्लेग बोनस दिला होता. साथ ओसरली तसा मालकांनी तो बंद करायचे ठरवले. इकडे पहिल्या महायुद्धाने महागाई तशीच होती. मजुरांची मागणी पन्नास टक्के वाढीची. मालक म्हणाले, वीस टक्के. गांधीजींनी मुंबईतल्या गिरण्यांचे दर, मालकांची परिस्थिती आणि मजुरांचा घरखर्च यांचा तपास केला व पस्तीस टक्के ही मागणी वाजवी ठरवली. म्हणजे त्यांनी प्रथम आपल्याच बाजूला खाली आणले, हे ध्यानात घ्या. पंच नेमले होते, ती बोलणी मोडली. २२ फेब्रुवारी १९१८ पासून मालकांनी टाळेबंदी केली. मजुरांनी शपथ घेतली, की पस्तीस टक्क्यांशिवाय कामावर जाणार नाही. मालकांनीही हट्ट धरला, की वीसच्या वर देणार नाही. मालकांचे पुढारी अंबालाल साराभाई, आणि मजुरांच्या बाजूने उभ्या त्यांच्या सख्ख्या भगिनी अनसूयाबेन. रोज साबरमतीच्या काठी बाभळीखाली सभा होई. दिवस गेले, मजुरांच्या चुली विझू लागल्या, निर्धार डळमळू लागला, तेव्हा १५ मार्चला गांधीजींनी उपवास सुरू केला. १८ मार्चला समेट झाला.

हा समेट कसा होता? पहिल्या दिवशी मजुरांना पस्तीस टक्के वाढ. त्यांची शपथ पूर्ण झाली. दुसऱ्या दिवशी वीस टक्के. मालकांचा शब्द राहिला. तिसऱ्या दिवसापासून साडेसत्तावीस टक्के, म्हणजे बरोबर मधला आकडा, पंचाचा निकाल लागेपर्यंत. पंच होते प्राध्यापक आनंदशंकर ध्रुव. त्यांनी पुढे ऑगस्टमध्ये निकाल दिला तो पस्तीस टक्क्यांचा.

कोणी म्हणेल, एका दिवसाच्या पस्तीस टक्क्यांत काय मिळाले? पैशाच्या हिशेबाने जवळजवळ काही नाही. पण हजारो माणसे मान ताठ ठेवून कामावर गेली, आणि मालकही मान ताठ ठेवून कचेरीत बसले. म्हणून तर नंतरचा निकाल दोघांना मानता आला. उपवासाने मालकांवर दडपण आले आणि त्यामुळे या लढ्यात एक उणीव राहिली, हे गांधीजींनीच आत्मकथेत नमूद केले आहे. यातूनच १९२० साली मजूर महाजन उभे राहिले आणि पंचामार्फत निवाडा ही अहमदाबादेची रीत झाली.

याच्या उलट चित्र मुंबईत दिसले. १८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. त्या संपाच्या कारणांवर पुस्तके लिहिली गेली आहेत, आम्ही त्यात शिरत नाही. पण एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने बोलणी करण्याचा अधिकार एकाच मान्यताप्राप्त युनियनला दिला होता, आणि कामगार होते दुसऱ्याच्या मागे. ज्यांना बोलण्याचा अधिकार होता त्यांच्यामागे माणसे नव्हती, आणि ज्यांच्यामागे माणसे होती त्यांच्याशी कोणी बोलायला बसेना. तो संप रीतसर मागे घेतला गेलाच नाही. खुर्चीत चुकीचा माणूस बसलेला असेल तर टेबलावरची सारी कौशल्ये फुकट जातात. घरातही तसेच आहे. मुलीच्या लग्नाविषयीची भांडणे मामा, काका, आत्या मिळून सोडवतात, आणि मुलगी आत चहा करत असते.

येथे एक इशारा द्यायला हवा, आणि तो आम्ही हळू आवाजात देणार नाही. ‘एका हाताने टाळी वाजत नाही’ ही म्हण आपल्याकडे फार स्वस्त झाली आहे. थप्पड एका हातानेच वाजते. बायकोला मारणारा नवरा आणि मार खाणारी बायको यांच्यात ‘दोघांनी थोडे थोडे घ्या’ असे सांगणारा पंच हा पंच नव्हे, तो मारणाऱ्याचा साथीदार आहे. कौटुंबिक हिंसाचाराविरुद्ध २००५ चा कायदा आहे, तो वापरावा. जातीवरून झालेल्या अत्याचाराचेही तेच. त्याला १९८९ चा कायदा आहे, गावकीचा समेट नव्हे. महाराष्ट्र सरकारने १५ ऑगस्ट २००७ पासून महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू केली. बांधाची, वाटेची, पाण्याच्या पाळीची भांडणे गावातच मिटावीत हा हेतू चांगलाच होता. पण गावाला बक्षीस तंटे मिटवल्याबद्दल मिळणार म्हटले, की दुबळ्याला गप्प बसवणे हाही तंटा मिटवण्याचा एक मार्ग दिसू लागतो. समजुतीला बसवण्यापूर्वी आम्ही स्वतःला एक प्रश्न विचारतो: यातला दुबळा माणूस ‘नाही’ म्हणून उठून गेला, तर उद्या त्याचे काय होईल? उत्तर वाईट असेल तर समजुतीची बैठक घेत नाही. त्याला वकिलाकडे नाहीतर पोलिसांकडे घेऊन जातो. आमच्या धंद्यात संघटना असते ती याचसाठी. एकटा कामगार आणि मालक यांची समजूत होत नाही, मालकाची समजूत कामगाराला ऐकावी लागते.

बाकीच्यांसाठी दारे आहेत. १९८७ च्या कायद्याने लोकअदालतींना कायद्याचा आधार मिळाला. कोर्टातला दावा तेथे तडजोडीने मिटला तर कोर्ट फी परत मिळते आणि त्या निवाड्यावर अपील नसते. म्हणून सही करण्यापूर्वी कागद नीट वाचावा. २०२३ च्या मध्यस्थी कायद्यात वस्तीतल्या, शेजारपाजारच्या तंट्यांसाठी सामुदायिक मध्यस्थीचे निराळे प्रकरण आहे, आणि त्यात तीन मध्यस्थांच्या मंडळाची योजना आहे. आमच्या क्षेत्रात समेट अधिकाऱ्याची सोय १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात होती, २०२० च्या संहितेतही ती आहे.

शेवटचा विषय कागदाचा. समेट झाला की लोक गहिवरतात, चहा मागवतात आणि घरी जातात. आम्ही चहा येण्याच्या आत कागद मागवतो. ‘यापुढे दोघेही सलोख्याने वागतील’ असले वाक्य आम्ही त्यावर लिहू देत नाही, कारण सलोख्याने वागला की नाही हे कोण मोजणार? कोणी, काय, कोणत्या तारखेपासून करायचे आणि झाले नाही तर कोणाकडे जायचे, एवढेच लिहायचे. आणि पुन्हा एकत्र बसण्याचा दिवस आजच ठरवायचा. मघाच्या लेथ खात्यातला कागद अर्ध्या पानाचा होता, आणि त्यावर महिन्याने बसण्याची तारीख होती. महिन्याने बसलो तेव्हा मशीने स्वच्छ होती, पण नवी कुरबुर निघाली होती. तीन वीसला अर्धवट राहिलेला जॉब कोणाच्या नावावर मांडायचा? पाऊण तास बोलणे झाले. जो उतरवील त्याच्या नावावर, कारण रात्री दुसरी पाळी सुटताना तिचाही एखादा जॉब असाच सकाळच्या पाळीकडे जातो, असे त्यांच्यातल्याच एका तरुण कामगाराने सुचवले, आणि ते दोघांनी त्याच कागदाच्या खाली लिहून घेतले.